एकच पुरवठादार ठेवावा की दोन?
महत्त्वाच्या सुट्या भागासाठी, दर थोडा चढा पडला तरी, दुसरा पुरवठादार आधीच मंजूर करून ठेवावा, असे माझे मत आहे. मार्च 2000 मध्ये अमेरिकेतील अल्बुकर्की येथे फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून लागलेली आग काही मिनिटांतच विझली. परंतु धूर आणि पाण्यामुळे चिपनिर्मितीचे स्वच्छ कक्ष दूषित झाले आणि पुरवठा कित्येक आठवडे खोळंबला. या कारखान्याकडून चिप घेणाऱ्या मोबाइल कंपन्यांपैकी नोकियाने तातडीने पाठपुरावा करून इतर कारखान्यांतून चिप मिळवल्या. दुसरी ग्राहक कंपनी एरिक्सनकडे मात्र काही चिपसाठी दुसरा स्रोतच नसल्याने तिचे मोठे नुकसान झाले. (2001 मध्ये तिने हँडसेटचा व्यवसाय सोनीबरोबरच्या भागीदारीत नेला, अर्थात त्यामागे हे एकच कारण नव्हते.) मात्र दोन्ही पुरवठादार कच्चा माल एकाच ठिकाणाहून घेत नाहीत ना, हे करारापूर्वी तपासावे.