मेलबर्नहून ग्रेट ओशन रोड एका दिवसात होतो का?

डिसेंबरात तुम्ही मैत्रिणीबरोबर ऑस्ट्रेलियात येताय आणि समुद्राकाठचा हा ग्रेट ओशन रोड एका दिवसात उरकेल का, असं विचारलंय. उरकतो. मी तसा उरकलाय, म्हणूनच सांगते, एक रात्र मुक्काम करा.

पहिल्यांदा गेले ती जुलैत, ऑफिसातल्या एकीबरोबर. इथला जुलै म्हणजे ऐन थंडी, साडेपाचच्या आत सूर्य गायब. लॉर्नला जेवणात तास गेला, केनेट रिव्हरला झाडावरचे कोआला शोधण्यात आणखी एक, आणि ट्वेल्व्ह अपॉसल्स या समुद्रातल्या खडकांच्या खांबांपाशी पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. फोटोत जे काळं दिसतं ते खडक की ढग, आजही सांगता येत नाही. परतताना अंधारात एक वॉलबी (छोटा कांगारूच) बंपरच्या हातभर पुढून उडी मारून गेली. त्यानंतर मेलबर्न येईपर्यंत आम्ही दोघी गप्प.

दुसऱ्यांदा गेले मार्चमध्ये, रत्नागिरीची कॉलेजची मैत्रीण आली होती तेव्हा. या वेळी दोन दिवस, अपॉसल्सजवळच्या पोर्ट कॅम्पबेलला मुक्काम. हिला गाडी लागते. आंबा घाटात पिशवी हातात धरून बसणाऱ्यांपैकी ती. म्हणून रस्ता सुरू होतो त्या टॉर्कीलाच अर्धा डझन लिंबं घेतली आणि दर अर्ध्या तासाला थांबायचं ठरवलं. त्या थांबण्यामुळेच रस्ता नीट बघून झाला.

आणि बघायचा असतो तो रस्ताच. टॉर्की ते अ‍ॅलन्सफर्ड, 243 किलोमीटर. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे 3000 सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात कुदळ-फावड्यांनी कडे फोडून तो केला, जे परतले नाहीत त्यांचं स्मारक म्हणून. ईस्टर्न व्ह्यूच्या कमानीखाली सगळे फोटो काढून पळतात. शेजारी त्या कामगार-सैनिकांचा पुतळा आहे, तिथे दोन मिनिटं थांबा. लॉर्न ते अपोलो बे हा सगळ्यात देखणा टप्पा. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालते, त्यामुळे टॉर्कीकडून निघालात की समुद्र तुमच्या बाजूला आणि थांबायच्या जागाही. उलटे आलात तर दरवेळी समोरची लेन ओलांडत बसाल.

फक्त चालवणारीला पुढच्या वळणापलीकडे काही दिसत नाही. म्हणून लॉर्नला अदलाबदल करा. आम्ही केली, आणि स्टिअरिंग हातात येताच बाईसाहेबांची मळमळ बंद! लिंबं तशीच राहिली. भाड्याची गाडी घेताना दोघींची नावं चालक म्हणून घाला, आणि येताना आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा.

अपोलो बे सोडल्यावर रस्ता समुद्र टाकून ऑटवेच्या जंगलात शिरतो. वाट चुकलो की काय, असं वाटतं. चुकलेल्या नसता. मेट्स रेस्टला लाकडी पुलांवरून अर्धा तास चाला, माणसापेक्षा उंच नेचे आहेत.

अपॉसल्सबद्दल फार लिहीत नाही, फोटो तुम्ही पाहिलेच असतील. चुनखडीचे खांब, नावात बारा, प्रत्यक्षात कमी. 2005 च्या जुलैत त्यातलाही एक कोसळला. मला त्याहून लॉक आर्ड गॉर्ज ही जवळचीच, कड्यांमधली चिंचोळी खाडी लागली जिवाला. 1 जून 1878 च्या पहाटे लॉक आर्ड हे इंग्लंडहून आलेलं शिडाचं जहाज इथे खडकावर फुटलं. 54 जणांपैकी दोघंच वाचली: टॉम पिअर्स हा शिकाऊ खलाशी आणि ईव्हा कारमायकल ही आयरिश मुलगी. टॉमने तिला पाण्यातून ओढून काढलं, मग कडा चढून मदत आणली. दोघं ऐन तारुण्यातली, तेव्हा आता यांचं लग्न होणार असं लोकांनी परस्पर ठरवूनही टाकलं. आई-वडील आणि भावंडं त्याच समुद्रात गमावलेली ती मुलगी मात्र आयर्लंडला निघून गेली. (लोकांना सगळीकडे लग्नंच सुचतात.) खाली वाळूवर उतरलात की दोन्ही बाजूंच्या भिंती बघा, मग टॉम कुठून चढला असेल याचा अंदाज घ्या. आम्हाला नाही लागला.

तुमच्या डिसेंबरबद्दल. उजेड रात्री पावणेनऊपर्यंत असतो, म्हणजे आमच्या जुलैसारखी गत होणार नाही. पण 26 तारखेनंतर अर्धं मेलबर्न याच रस्त्यावर असतं, खोली आधीच घ्या. शिवाय तो वणव्यांचा हंगाम: 2015 च्या ख्रिसमसला याच रस्त्यावरच्या वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीकमध्ये 116 घरं जळाली. निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी व्हिक-इमर्जन्सी हे सरकारी इशाऱ्यांचं अ‍ॅप बघाच. परतीला समुद्राचा हट्ट नको, कोलॅकवरून आतल्या रस्त्याने तीनेक तासांत मेलबर्न. पण सूर्य मावळायच्या आत निघा, वॉलबीची वेळ तीच.

आमची लिंबं शेवटी पोर्ट कॅम्पबेलच्या धक्क्यावर बसून फिश अँड चिप्सवर पिळली. सहाच्या सहा.