राखीव फौज कधी उतरवावी?

प्रश्न : मी संगणकावर रोमन काळातील लढायांचे खेळ खेळतो. सगळी पथके सुरुवातीलाच एका रांगेत पुढे घालतो. अर्ध्या लढाईपर्यंत माझी सरशी असते. पण शत्रूचे घोडदळ बगलेवर आले की फळी मोडते. मागे काही राखून ठेवावे, तर आघाडी दुबळी होईल अशी भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली भीती रास्त आहे, पण आपण राखीव फौजेला बिनकामाची फौज समजत आहात, आणि पराभवाचे मूळ तेथेच आहे. आपण रोमन काळातच खेळत असल्यामुळे इ. स. पूर्व 48 मधील, ज्यूलियस सीझर आणि त्याचा रोमन प्रतिस्पर्धी पाँपे यांच्यातील फार्सालसची लढाई बारकाईने पाहावी. सीझरने स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार त्याच्याकडे 22 हजार पायदळ आणि अवघे एक हजार घोडेस्वार होते, तर पाँपेकडे 45 हजार पायदळ आणि सात हजार घोडेस्वार होते. पाँपेची उजवी बगल उंच काठांच्या ओढ्याला टेकलेली असल्याने त्याने जवळजवळ सगळे घोडदळ डावीकडे गोळा केले. ही जमवाजमव पाहताच घाला कोठून येणार हे सीझरने ओळखले, तिसऱ्या रांगेतून एकेक तुकडी काढून सहा तुकड्यांची चौथी रांग केली आणि ती उजव्या बगलेमागे उभी केली. सुमारे 80 तुकड्यांपैकी केवळ सहा! एवढ्याने आघाडी दुबळी होत नाही.

पुढे जे घडले ते मला आजही थक्क करते. सीझरचे थोडे घोडेस्वार मागे हटू लागले, पाँपेचे घोडदळ त्यांच्या मागोमाग बगलेवर पसरू लागले आणि नेमक्या त्या क्षणी चौथी रांग निशाण पाहून त्यांच्यावर तुटून पडली. ते घोडदळ डोंगरांकडे पळाले, उघडे पडलेले तिरंदाज आणि गोफणवाले कापले गेले, आणि त्याच सहा तुकड्यांनी वळसा घालून पाँपेच्या डाव्या फळीला पाठीमागून गाठले. तोवर हुकमाशिवाय हलायचे नाही अशी ताकीद दिलेली तिसरी रांग ताजीतवानी उभी होती. सीझरने ती आता थकलेल्या शत्रूवर सोडली.

हेच सूत्र आपल्याला 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर उलट्या बाजूने सोसावे लागले. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी खिळखिळी केली होती. परंतु अब्दालीने राखून ठेवलेली फौज दुपारनंतर उतरवली, तेव्हा तिला तोंड द्यायला भाऊसाहेबांच्या हाताशी ताजी माणसे उरली नव्हती.

आपल्या खेळात आठ-दहा पथकांमागे एक, फार तर दोन पथके राखावीत. ती मधोमध ठेवू नयेत; शत्रूचे घोडदळ जमलेले दिसेल त्या बगलेमागे, शक्य तर टेकाडाआड, भालाईत उभे करावेत. शत्रू आपल्या घोडेस्वारांशी भिडेपर्यंत त्यांना जागचे हलवू नये, कारण आधीच पुढे काढलेले पथक दिसताच शत्रू वाट बदलतो. घोडदळ पळाले की भालाईतांना त्याच्या पाठलागावर मुळीच सोडू नये, कारण पायदळ घोड्यांना गाठू शकत नाही. त्यांना लगेच आत, शत्रूच्या पायदळाच्या पाठीकडे वळवावे.