विहिरीचे पाणी वाळूच्या जैविक गाळणीने पिण्याजोगे होते का?

आपल्या विहिरीच्या पाण्यात जंतू आढळले असून वाळूच्या जैविक गाळणीने ते पिण्याजोगे होईल का, असे आपण विचारले आहे. बऱ्याच अंशी होईल. मात्र ही गाळणी जिवंत असते आणि तिला तसेच सांभाळावे लागते.

वाळू फक्त गाळ अडवते, हा समज अपुरा आहे. पाणी संथपणे झिरपत राहिले की वाळूच्या वरच्या काही सेंटीमीटरांत जिवाणू आणि एकपेशीय जीव यांचा बुळबुळीत थर धरतो, आणि पाण्यातून येणारे रोगजंतू या थरात चिकटतात, खाल्ले जातात किंवा खाली अन्नावाचून मरतात. 1892 साली जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात कॉलऱ्याने हाहाकार माजवला, तेव्हा त्याच एल्बे नदीच्या खालच्या अंगाचे, म्हणजे अधिक घाण पाणी वाळूतून गाळून पिणारे शेजारचे आल्टोना बरेचसे बचावले, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

हा थर तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून तोवर पाणी उकळूनच प्यावे. घरगुती गाळणीत पाणी वापरात नसतानाही वाळूवर सुमारे पाच सेंटीमीटर पाणी उभे राहिले पाहिजे, आणि त्यासाठी बाहेर येणाऱ्या नळीचे तोंड वाळूच्या पृष्ठभागापेक्षा तेवढेच उंच ठेवावे लागते. माझ्या पहिल्या गाळणीत हे तोंड खाली राहिले होते. दोन दिवस पाणी ओतले गेले नाही, वाळू कोरडी पडली, थर मेला आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

गाळणीत भरायची वाळू आधी धुताना मूठभर वाळू पाण्यासह काचेच्या बरणीत घालून गोल फिरवावी व खाली ठेवावी. तीन-चार सेकंदांत वाळूचा पृष्ठभाग दिसू लागला, पण पाणी किंचित गढूळ राहिले, तर ती योग्य धुतली गेली. पाणी अगदी नितळ दिसले तर बारीक कणही वाहून गेले, असे समजावे. पुढे धार मंदावली की वरचे उभे पाणी हाताने हलके ढवळून गढूळ झालेले तेवढेच काढून टाकावे. सगळी वाळू उपसून धुण्याचा मोह टाळावा, कारण त्यात थरच नष्ट होतो.

फ्लोराइड, नायट्रेट आणि खारेपणा मात्र या गाळणीने जात नाहीत. म्हणून आधी पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फ्लोराइड जास्त निघाले तर दुसरा स्रोतच शोधावा लागेल. पाणी फार गढूळ असेल तर ते आधी भांड्यात निवळू द्यावे. क्लोरीन गाळणीत ओतायच्या पाण्यात कधीही घालू नये, कारण त्याने थरातले जीव मरतात. ते गाळून आलेल्या पाण्यात, झाकणाच्या स्वच्छ भांड्यात, योग्य मात्रेत घालावे आणि अर्ध्या तासाने पाणी प्यावे.