एकही शब्द न बदलता बदललेलं कलम २१

१०६ दुरुस्त्या झाल्यावर १९५० ची राज्यघटना उरलीच कुठे, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते नुसत्या दुरुस्त्या मोजून हे कळत नाही. ७१ व्या दुरुस्तीने कोकणी आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत आली, ९६ व्या दुरुस्तीने तिथल्याच 'उडिया'चं 'ओडिया' झालं. याउलट कलम २१ चा शब्दही हललेला नाही, तरी सर्वांत जास्त बदललं ते हेच कलम.

ते एवढंच सांगतं, की कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. १९५० मध्ये स्थानबद्ध कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने याचा अगदी अरुंद अर्थ लावला. संसदेने कायदा केलाय आणि त्यातली पद्धत पाळलीय, तर ती पद्धत न्याय्य आहे का हे कोर्ट बघणार नाही! पुढे आणीबाणीत, १९७६ साली, चार विरुद्ध एक मतांनी ठरलं की बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही दाद मागता येणार नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले. नंतर त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं.

१९७८ मध्ये वारं फिरलं. मनेका गांधींच्या, सरकारने जप्त केलेल्या पासपोर्टच्या खटल्यात कोर्ट म्हणालं, कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीच हवी. त्याच वर्षीच्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतही कलम २१ ची दाद बंद करता येणार नाही अशी सोय केली. ती दुरुस्ती मात्र आणीबाणीत हक्कांची दाद थांबवण्याबद्दलच्या कलम ३५९ मध्ये आहे, २१ तसंच राहिलं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मुंबईचा, पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जाणारा खटला. १९८१ च्या पावसाळ्यात सरकार फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला निघालं होतं. १९८५ च्या निकालात कोर्टाने म्हटलं, पोट भरायचं साधनच काढून घेतलं तर जगणार कसं? उपजीविका अशी जीविताच्या हक्कात आली. पण त्याच निकालाने ३१ ऑक्टोबरनंतर झोपड्या हटवायची मुभाही दिली. हक्क मान्य झाला आणि छप्पर गेलं. हे मला अजून बोचतं, म्हणून कलमाचा अर्थ रुंदावला की लोकांचं भलं झालंच, असं कृपया धरू नका.

तो निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. १९७६ च्या बहुमतातही ते होते. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी कलम २१ मध्ये खासगीपणाचा हक्कही येतो हे एकमताने मान्य केलं, आणि त्याच निकालात यशवंतरावांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी १९७६ चा निकाल चुकीचा होता असं स्पष्ट लिहून तो रद्दबातल ठरवला. खन्नांचं म्हणणं खरं ठरायला ४१ वर्षं लागली. तोवर खन्ना आणि यशवंतराव दोघेही हयात नव्हते.