लागोसची ऑफर, पगार नायरात: हो म्हणू का?

हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला असलेल्या एका पोरानं विचारलंय की दादा, लागोसच्या एका प्लास्टिक कंपनीची ऑफर आहे, पगार नायरात, म्हणजे नायजेरियाच्या चलनात, देतो म्हणतात, पण नायजेरिया तेलवाला देश आहे म्हणजे कुवेतसारखाच असेल ना, काकाही कुवेतला होते, घरचे पण हो म्हणून राहिले.

नाही रे बाबा, इथं नायजेरियात कुवेतसारखं काहीच नाही. हिशोबच करून पाहा ना. कुवेत रोज साधारण 25 लाख बॅरल काढतो आणि लोक आहेत 50 लाखाच्या आत-बाहेर, त्यातले बरेचसे तुझ्या काकांसारखे बाहेरचे. नायजेरिया काढतो 15 लाखाच्या आसपास आणि लोक 20 कोटींच्या वर. तिकडे दोन माणसांमागे एक बॅरल, इकडे सव्वाशे-दीडशे माणसांमागे एक. त्यातही पाइपलाइन फोडून चोरी होते ती वेगळीच.

1956 ला ओलोइबिरीला तेल लागलं तेव्हा हा शेतीवाला देश होता, कोको, पामतेल, भुईमूग. कानोला भुईमुगाच्या पोत्यांचे पिरॅमिड रचायचे, जुने फोटो पाहिले तर डोळे फिरतात. मग सत्तरच्या दशकात तेलाचे डॉलर आले, नायरा महाग झाला, बाहेरचा माल स्वस्त पडायला लागला, शेती करून परवडेना, पोरं शहरात आली आणि ते पिरॅमिड गेले ते गेलेच. सरकारला तेलातून बसल्या जागी पैसा मिळतो म्हटल्यावर कारखाने वाढवून टॅक्स घ्यायची घाई कोणाला राहते?  

आता तुझ्या पगाराचं, मुद्दा हाच आहे. देशात येणारे बहुतेक डॉलर तेलाचेच, म्हणून तेल पडलं की नायरा पडतो. 2014 च्या मध्यात बॅरल 100 डॉलरच्या वर होतं, 2016 च्या जानेवारीत 30 च्या खाली. मग बँकेत डॉलरच मिळेना, फॅक्टऱ्यांचा कच्चा माल अडकला. बरं, तेल पडलं नाही तरी सुटका नाही. 2023 च्या जूनमध्ये सरकारनं नायरा मोकळा सोडला, म्हणजे त्याचा भाव बाजारावर सोडला, तेव्हा डॉलरला 460 च्या आसपास होता तो पुढच्या वर्षी 1500 वर गेला. म्हणजे 4 लाख 60 हजार नायरा पगारवाला माणूस घरी 80-82 हजार रुपये पाठवू शकत होता, त्याच पगारात पंचवीस-सव्वीस हजारावर आला. पगार एक नायरानंही कापला नव्हता कोणी!

त्याच्या थोडं आधी पेट्रोलची सबसिडी काढली, 185 चं लिटर काही दिवसांत पाचशेच्या घरात. तेलवाल्या देशात पेट्रोल बाहेरून काहून येत होतं म्हणशील, तर सरकारी रिफायनऱ्या वर्षानुवर्षं बंदच होत्या. 2024 ला इथले बडे उद्योगपती डांगोटे यांची रोज साडेसहा लाख बॅरलची रिफायनरी सुरू झाली, तर तिलाही अमेरिकेतून क्रूड मागवावं लागलं, हसावं का रडावं.

मेंटेनन्सवाला आहेस म्हणून सांगतो, तुझं अर्धं काम जनरेटरच राहील. लाईट गेली की चेंजओव्हर टाकून जनरेटरवर येईपर्यंत मशीनच्या बॅरलमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवायच्या नळीत, प्लास्टिक जमायला लागतं, मग हीटर चालू करून, साफ करून पुन्हा सुरू, आणि शिफ्टवाले तुझ्याकडेच पाहत बसतात. रात्री लाईट आली की आख्ख्या गल्लीतली पोरं 'अप नेपा!' ओरडतात, नेपा ही जुनी सरकारी वीज कंपनी, ती बंद होऊन किती वर्षं झाली तरी नाव तेच.

पण येऊ नको असं म्हणत नाही मी. काम शिकायला भरपूर मिळतं, माणसं बोलकी आहेत, इलुपेजूकडे आपल्या इंडियन लोकांची वस्ती, शाळा, किराणा सगळं आहे. फक्त पगार डॉलरमध्ये ठरलेला आणि थेट भारतातल्या खात्यात पाहिजे, नायरात फक्त इथला खर्चापाण्याचा भत्ता. 'त्या दिवशीच्या रेटनं नायरा देऊ' म्हणाले तर कोणता रेट ते लेखी घे, कारण बँकेचा आणि बाजारातला वेगळा असू शकतो. राहायचं घर, त्याच्या जनरेटरचं डिझेल, गाडी, वर्षाचं तिकीट कंपनीचं आहे का बघ. वर्क परमिटचे कागद कंपनीनंच करायचे, टुरिस्ट म्हणून ये नंतर पाहू म्हणाले तर सरळ नाही म्हण. यलो फीवरची लस निघायच्या दहा दिवस आधी तरी घे.

ऑफर लेटर आलं की कंपनीचं नाव झाकून पगाराचं कलम इथं टाक, पाहून सांगतो.