बाबा घरीच असतात

वाचकाचे पत्र:

मी ठाण्यात मानपाड्याला राहते. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि घरी केक करू लागले. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक मैत्रिणीच: भिशीतल्या, मुलीच्या शाळेच्या ग्रुपमधल्या, जुन्या ऑफिसातल्या. एक किलोचा चॉकलेट ट्रफल केक मी त्यांना ९०० रुपयांना देते. सामानच ५२० रुपयांचे लागते आणि साडेचार तास जातात. असाच केक दुकानात १३०० ला मिळतो, तरी ९०० ऐकून एक जण म्हणाली, "अगं, तू घरीच तर असतेस आणि तुला हे सगळं आवडतंच की. आमच्याकडून एवढे घेतेस?" ते फार मनाला लागले. पोहोचवण्याचा खर्च मी लावत नाही, तो येतच नाही; माझे सासरे (वय ७३, आम्ही त्यांना बाबा म्हणतो) निवृत्त आहेत, घरीच असतात, ते खोका मांडीवर घेऊन रिक्षाने जातात आणि येताना टीएमटीच्या बसने येतात. त्यांनाही बाहेर पडायला आवडते. मे महिन्यात मात्र नौपाड्यात एका मैत्रिणीच्या सोसायटीच्या फाटकावर त्यांना चाळीस मिनिटे थांबावे लागले, कारण ती फोन उचलत नव्हती. क्रीमची फुले डाव्या बाजूला ओघळली. मला इतके ओशाळल्यासारखे झाले की मी तिला २०० रुपये परत केले. येत्या रविवारी ऐरोलीला एका मैत्रिणीच्या आईच्या पंचाहत्तरीचा दोन किलोचा केक आहे. बाबा ट्रान्स हार्बर लोकलने नेतील, रविवारी गाडीला गर्दी नसते. किंमत अजून सांगितलेली नाही. मैत्री न तुटता योग्य पैसे कसे मागावेत?

उत्तर:

तुमच्या पत्रात एकच वाक्य दोनदा आले आहे. पहिल्यांदा ते मैत्रिणीच्या तोंडी आहे: तू घरीच असतेस आणि तुला आवडते. ते तुमच्या मनाला लागले, आणि लागायलाच हवे होते. दुसऱ्यांदा ते तुमच्याच लेखणीतून उतरले आहे: बाबा घरीच असतात आणि त्यांना आवडते. ते लिहिताना तुमचा हात अडखळला नसावा, कारण पुढच्याच ओळीत तुम्ही क्रीमच्या फुलांकडे वळला आहात.

मैत्रीण जे बोलली ते उद्धटपणाचे होते आणि तिचा विषय माझ्यापुरता इथेच संपला. मला बोलायचे आहे ते तुमच्याशी, आणि त्या फाटकावरच्या चाळीस मिनिटांविषयी. त्र्याहत्तर वर्षांचा एक माणूस मे महिन्यात, जो खाली ठेवता येत नाही, तिरपा करता येत नाही आणि काखेत मारता येत नाही असा खोका दोन्ही हातांत धरून फाटकापाशी उभा आहे. अशा फाटकावर बहुधा एकच खुर्ची असते आणि तिच्यावर पहारेकरी बसलेला असतो. बाबांना कोणी बसायला सांगितले का, त्यांनी पाणी मागितले का, घरी आल्यावर ते काय म्हणाले किंवा काहीच न बोलता पंख्याखाली जाऊन पडले, यातले एक अक्षरही तुमच्या पत्रात नाही. फुले कोणत्या बाजूला ओघळली, हे मात्र आहे. आणि मग तुम्ही २०० रुपयांची भरपाई दिलीत ती कोणाला, तर जिने फोन उचलला नाही तिला. ज्यांना ती द्यायला हवी होती ते तेव्हा टीएमटीच्या थांब्यावर उभे असतील.

केक करणाऱ्या बाईला मी हे सांगायची गरज नाही, तरी सांगते. दुधाच्या मलईचे आयसिंग असो वा वनस्पती तेलापासून बनवलेले व्हिपिंग क्रीम असो, मे महिन्यातल्या दमट हवेत फ्रिजबाहेर त्याचे दिवस भरलेलेच असतात. दुधाची मलई आधी मान टाकते आणि दुसरे थोडे नंतर, इतकाच काय तो फरक. पावसाळ्यात फॉन्डंट, म्हणजे वरचे साखरेचे आवरण, ओल धरून चिकट होते, ते वेगळेच. म्हणजे वर्षातले निदान सात-आठ महिने केक धडपणे पोहोचवणे हे तो करण्याइतकेच जोखमीचे काम आहे. घोडबंदर रोडवरचे खड्डे आणि गतिरोधक सोसत, दर धक्क्याला खोका किंचित उचलून धरत हे काम आजवर एका माणसाने केले, आणि एवढ्या दिवसांत त्याच्या हातून एकच केक बिघडला, तोही त्याची चूक नसताना. त्या कामाचा खर्च "येतच नाही", असे तुम्ही लिहिता.

आता खर्च येतो का, ते पाहू. सामान ५२० रुपये, हे तुमचेच आकडे. त्यात खोका आणि खालचा बोर्ड दिसत नाही, त्याचे ६० धरू. ओटीजी (विजेची छोटी भट्टी) १५०० वॅटचा असेल तर तापवण्यापासून स्पंज बाहेर काढेपर्यंतच्या तासाभरात दीड युनिटच्या आत वीज जाते. पण ती घरच्या पंखे-फ्रिजच्या वापरावर चढत असल्यामुळे महावितरणच्या बिलात वरच्या टप्प्याच्या दराने लागते, म्हणून बीटरसकट २० रुपये धरू. मानपाड्याहून नौपाडा सहा-साडेसहा किलोमीटर. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे असा दर आहे, म्हणजे जाताना ११० रुपये, आणि येतानाचे किरकोळ २०. एकूण ७३० झाले. नऊशेतून उरले १७०. तुमचे साडेचार तास आणि जाऊन येऊन बाबांचे अडीच, असे सात तास त्या १७० रुपयांत बसवले तर तासाला २४ रुपये पडतात. रिक्षाचे मीटर टाकल्याबरोबर २६ होतात, चाक हलायच्या आधी. आणि फुले ओघळलेल्या केकवर २०० परत केल्यामुळे तुमच्या घराने ३० रुपये पदरचे घातले.

"तुमच्या घराने" असे मी जाणून लिहिले आहे. रिक्षाचे भाडे कोण देते, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही आणि तुमच्या हिशेबातही ते कोठे नाही. माझा कयास असा आहे की ते बाबांच्या खिशातून जाते. हा कयास चुकीचा असेल तर मला आनंद होईल, पण तो चुकीचा आहे की नाही हे तपासायला तुम्हाला त्यांना विचारावे लागेल, आणि तुम्ही त्यांना कधी काही विचारल्याचे पत्रावरून दिसत नाही. ऐरोलीचे तर तुम्ही परस्परच ठरवून टाकले आहे. पंचाहत्तरीच्या आजींसाठी दोन किलोचा केक घेऊन त्र्याहत्तर वर्षांचे आजोबा ठाणे स्टेशनाचा पूल चढणार, नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतरणार, आणि ऐरोलीला उतरल्यावर पुन्हा जिने आणि पुन्हा रिक्षा. रविवारी गर्दी नसते हे खरे. गाड्या बंद ठेवणारा मेगाब्लॉक असतो की नाही, हे तरी पाहून ठेवलेत का?

मी चिडले आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. तुमच्याविषयी माझे मत वाईट झालेले नाही. घरच्या माणसाचे श्रम हिशेबात न धरण्याची सवय आपल्याला इतकी जुनी आहे की ती दुसऱ्याने आपल्यावर उगारली तरच दिसते, आणि तुम्ही तर ती सवय स्वतःलाही लावून घेतली आहे. मैत्रिणीने दर विचारला की तुम्ही काय म्हणत असाल, ते मी पैज लावून सांगते: "अगं, तुझ्याकडून काय घ्यायचे, दे काय द्यायचे ते." मग ती देते काय द्यायचे ते, आणि रात्री भांडी घासताना तुम्हाला राग येतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते हेच. तुमच्या नौपाड्यातच घरून उकडीचे मोदक करून देणाऱ्या बायका आहेत. गणपतीच्या आठ दिवस आधी त्यांना फोन करून पाहा. एकवीस मोदकांचे किती, असे विचारले की पलीकडून आकडा येतो, किती वाजता न्यायला याल असा प्रश्न येतो, आणि फोन बंद होतो. त्याही घरीच असतात, त्यांनाही मोदक वळायला आवडत असतील, पण हे त्यांना ऐकवायची छाती कोणाची होत नाही, कारण आकडा सांगताना त्यांचा आवाज खाली जात नाही.

तुमचा आवाज खाली जातो, आणि "ठामपणे बोला" असे मी सांगितल्याने तो वर येणार नाही. स्वतःसाठी मागायची तुम्हाला सवय नाही, तर बाबांसाठी मागा. त्यांचे मागताना तुमची जीभ अडखळणार नाही, असा माझा अंदाज आहे. मला तुमच्याकडून एवढीच एक गोष्ट हवी आहे: आज केकची वही काढा (नसेल तर शंभर पानी आणा), तिच्यात "पोहोचवणे" असा वेगळा रकाना आखा, आणि इथून पुढे प्रत्येक केकचे पोहोचवण्याचे पैसे मैत्रिणीकडून वेगळे घ्या. नौपाड्यापर्यंत ३०० रुपये. त्यातले भाड्याचे १३० जाऊन उरलेले १७० त्याच संध्याकाळी बाबांच्या हातात ठेवायचे. हा आकडा ओळखीचा वाटला असेल; आजवर दोघांच्या मिळून सात तासांचे एवढेच उरत होते.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला असे पैसे देणे शोभत नाही, असे तुम्ही म्हणाल. बाबा हात मागे घेतील, हेही मला ठाऊक आहे. घेऊ देत. पैसे पाकिटात घालून त्यांच्या पासबुकाखाली ठेवून द्या आणि वहीत त्यांच्या नावापुढे रक्कम लिहा. चार केकनंतर ते स्वतःच विचारतील की या आठवड्यात ऑर्डर नाही का. आणि समजा त्यांना खरेच नुसते बाहेर पडायला आवडत असेल, तर त्यांनी हातात खोका न घेता तलावपाळीवर जाऊन बसावे. तिथे बसायला जागा आहे.

पोहोचवणे वेगळे काढले की केकची किंमत सांगणे अवघड राहत नाही, कारण मग तिच्यात लपवण्यासारखे काही उरत नाही. सामान, खोका आणि वीज मिळून ६००, तुमचे साडेचार तास तासाला १०० रुपयांनी ४५०, म्हणजे घरी येऊन नेणाऱ्याला एक किलोचा ट्रफल १०५० ला. तासाला १०० हा दरही मी तुमच्या स्वभावाकडे पाहून भीत भीत धरला आहे. पुढच्या वर्षी तो १५० करा. जिवाभावाच्या एखाद्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक द्यावासा वाटला तर तो पूर्ण फुकट द्या, भेट म्हणून, आणि वहीत घेऊ नका. अर्ध्या किमतीला देऊ नका. तुम्ही केलेले उपकार तुमच्या लक्षात राहतात आणि तिला वाटते तिने पैसे मोजलेत.

दुसरे एक काम या आठवड्यात उरकून टाका. घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा मैत्रीण आणि परके गिऱ्हाईक असा भेद करत नाही. लहान व्यवसायाच्या नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे आणि अर्ज घरबसल्या करता येतो. चौदा अंकी क्रमांक आला की तो खोक्यावर छापून घ्या. त्या खोक्याकडे पाहून "तुझा काय वेळ जातो" असे म्हणणे थोडे कठीण जाते.

आता रविवार. दोन किलोला सामान दुप्पट लागेल, तास दीडपट. तेव्हा केकचे १९०० रुपये. ऐरोलीपर्यंत रिक्षाचे जाण्यायेण्याचे साडेचारशे आणि बाबांच्या अर्ध्या दिवसाचे ३००, म्हणजे पोहोचवण्याचे ७५०. हा आकडा मैत्रिणीला आज रात्रीच कळवा, आणि त्याच्या पुढे हसणारा चेहरा, हात जोडलेले चिन्ह किंवा "तुला जमेल तसे" यातले काहीही जोडू नका. पण त्याआधी स्वयंपाकघरातून बाहेर या आणि बाबांना विचारा की रविवारी त्यांना जायचे आहे का. असे विचारा की नाही म्हणता यावे. ते नाही म्हणाले, किंवा "बघू" म्हणाले, तर ते नाहीच समजा आणि मैत्रिणीला लिहा की केक १९०० ला तयार असेल, संध्याकाळी पाचला न्यायला ये. ७५० वाचत असतील तर ती येईल. क्रीमची फुले घालू नका, गनाशवर, म्हणजे चॉकलेटच्या लेपावर, भागवा. आणि ती गाडी घेऊन आली तर खोका पुढच्या सीटसमोर पायाशी सपाट ठेवायला सांगा. मांडीवर नको. मांडी गुडघ्याकडे उतरती असते, बाबांना विचारा.