नायजरच्या माणसाला 'नायजेरियन' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की नायजरच्या माणसाला मराठीत काय म्हणायचं, 'नायजेरियन' चालतं का, आणि ही जी जोडीजोडीनं गोंधळ घालणारी देशांची नावं आहेत, स्लोव्हाकिया-स्लोव्हेनिया, ऑस्ट्रिया-ऑस्ट्रेलिया, स्वाझीलँड-स्वित्झर्लंड वगैरे, ती एकमेकांची नात्यातली आहेत की नुसतीच कानाला सारखी लागतात.

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. नाही चालत. नायजेरियन म्हणजे नायजेरियाचा. नायजरच्या माणसासाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे, पण त्याच्या आणि नायजेरियनच्या स्पेलिंगमध्ये शेवटाकडे फक्त ए आणि ई एवढाच फरक, फ्रेंचमध्येही जवळपास तीच गत, आणि ते देवनागरीत आणायला गेलात की तो फरकही पुसला जातो, दोन्ही नायजेरियनच होतात. मराठीत मुळात ह्या भानगडीत पडायची गरजच नाही कारण आपल्याकडे चा-ची-चे आहे. नायजरचा माणूस, नायजरचं लष्कर, नायजरची राजधानी. कुठेही गोंधळ नाही. मला तर वाटतं परदेशी देशांच्या बाबतीत शक्य तिथे षष्ठीच वापरावी, 'काँगोलीज' 'गिनियन' असले शब्द उगाच आयात करून फायदा काही नाही, वाचणाऱ्याला परत शोधत बसावं लागतं की नक्की कुठला काँगो आणि कुठली गिनी. इराणी, जपानी, रशियन हे रुळलेत ते राहू देत, त्यांना कोण हात लावतंय.

आता नात्याचं. नायजर आणि नायजेरिया ही सख्खी भावंडं आहेत, दोघांची नावं एकाच नायजर नदीवरून. ही नदी गिनीच्या डोंगरात उगम पावते, समुद्र तिथून फार लांब नसताना त्याच्याकडे पाठ फिरवून आत वाळवंटाच्या दिशेनं जाते, मालीतून मोठं वळण घेते, मग नायजरच्या एका कोपऱ्यातून, बेनिनच्या सीमेवरून नायजेरियात उतरते आणि तिथे समुद्राला मिळते, साधारण ४,१८० किलोमीटर. नदीच्या नावाचा लॅटिनमधल्या 'काळा' ह्या अर्थाच्या शब्दाशी संबंध लावतात पण अभ्यासकांचा कल तिकडच्या बर्बर भाषांमधल्या नदीवाचक शब्दाकडे आहे, लॅटिनची छाप स्पेलिंगवर नंतर पडली असावी. 'नायजेरिया' हे नाव मात्र पत्रकारितेतून आलेलं आहे, १८९७ मध्ये फ्लोरा शॉ ह्या बाईंनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये सुचवलं, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या त्या भागाला तोपर्यंत सुटसुटीत असं नावच नव्हतं. वरचा मुलूख फ्रेंचांकडे होता, त्यांनी नदीचं नाव जसंच्या तसं वसाहतीला दिलं, म्हणून फ्रेंच उच्चार 'नीझेर' असा होतो. दोन्ही देश १९६० मध्येच स्वतंत्र झाले, एक ऑगस्टमध्ये एक ऑक्टोबरमध्ये. म्हणजे एका नदीचं नाव दोन साम्राज्यांनी आपापल्या भाषेत वापरलं आणि निस्तरायला आपल्याला लागतंय.

आणि गोंधळ इथेच थांबत नाही. नायजेरियात 'नायजर' नावाचं एक राज्य आहे, क्षेत्रफळानं तिथलं सगळ्यात मोठं. 'नायजर डेल्टा' म्हणून जो तेलाचा पट्टा बातम्यांमध्ये येतो तोही नायजेरियात, नायजर देशाला तर समुद्रकिनाराच नाही. नावावरून नायजेरिया मोठा आणि नायजर त्याचा तुकडा असं वाटतं, लोकसंख्येत ते खरंय, नायजेरिया २० कोटींच्या वर आहे आणि नायजर तीन कोटींच्या आत, पण क्षेत्रफळात नायजरच मोठा. सीमेच्या दोन्ही बाजूंना हौसा बोलणारे लोक आहेत. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये राष्ट्राध्यक्ष बाझूम यांना त्यांच्याच सुरक्षा दलानं ताब्यात घेतलं आणि नेमकं त्या वेळी पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेचं अध्यक्षपद नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांच्याकडे होतं, म्हणजे नायजरमधल्या बंडावर कारवाईचा इशारा देणारा गडी नायजेरियाचा. अशा बातमीत एका वाक्यात दोन्ही देश येणार, तिथे 'नायजेरियन' शब्द चुकीच्या जागी पडला की अर्थ पूर्ण उलटा, इशारा देणाऱ्यानंच बंड केलं असं होऊन बसतं. म्हणून ही शब्दाची बारीकसारीक हौस नाहीये, तिथे खरंच फरक पडतो.

त्याच भागातली अजून एक गंमत, बेनिन. बेनिनचे ब्राँझचे पुतळे आणि पट्ट्या जगभरातल्या म्युझियममध्ये आहेत, १८९७ मध्येच ब्रिटिशांनी लुटून नेलेल्या (बघा, नायजेरिया नाव सुचवलं तेच साल), आणि त्या परत करण्याबद्दल बातम्या येतात तेव्हा लोकांना वाटतं बेनिन ह्या देशाला परत करतायत. तसं नाहीये. ते बेनिनचं राज्य आणि बेनिन शहर आजच्या नायजेरियात आहे. शेजारच्या देशाचं नाव १९७५ पर्यंत डाहोमे होतं, मग त्यांनी बेनिनच्या आखातावरून बेनिन घेतलं. घानाचंही तसंच, १९५७ मध्ये गोल्ड कोस्टचं घाना झालं पण ते ज्या जुन्या घाना साम्राज्याचं नाव आहे ते साम्राज्य आजच्या घानात नव्हतंच, बरंच वायव्येला आजच्या मॉरिटानिया आणि मालीच्या भागात होतं. नाव एकीकडचं, देश दुसरीकडे.

दुसरी सख्खी जोडी स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड हीच. कारण आपण बाहेरचे लोक निदान 'हाकिया' आणि 'हेनिया' एवढा तरी फरक करतो, त्यांच्या स्वतःच्या भाषांमध्ये तोही नाही. स्लोव्हाक लोक आपल्या देशाला 'स्लोव्हेन्स्को' म्हणतात आणि स्लोव्हेनियाचे लोक आपल्या देशाला 'स्लोव्हेनिया', भाषेला एकीकडे 'स्लोव्हेनचिना' दुसरीकडे 'स्लोव्हेनश्चिना', आणि बाई असेल तर दोन्हीकडे 'स्लोव्हेन्का', शब्द तोच! मूळ दोन्हींचं एकच, स्लाव लोकांनी स्वतःला दिलेलं नाव. त्याचा संबंध 'स्लोवो' म्हणजे शब्द ह्याच्याशी लावतात, आपली बोली ज्यांना कळते ते आपले लोक असा अर्थ, आणि हे स्लोवो आपल्या 'श्रवण'मधल्या श्रु धातूच्या नात्यातलं आहे. झेंडेही तसेच, पांढरा निळा लाल आडवे पट्टे आणि डावीकडे ढाल, स्लोव्हेनियाच्या ढालीवर त्रिग्लाव डोंगर, स्लोव्हाकियाच्या ढालीवर तीन टेकड्यांवर दुहेरी क्रूस. स्लोव्हेनिया १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून फुटला, स्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकियातून, म्हणजे जन्मही दीडेक वर्षाच्या अंतरानं. १९९९ मध्ये जॉर्ज बुश (धाकटे) निवडणुकीच्या तयारीत असताना एका स्लोव्हाक पत्रकाराला म्हणाले की तुमच्या देशाबद्दल मला जे काय माहितीये ते टेक्ससला आलेल्या तुमच्या परराष्ट्रमंत्र्यांकडून, आणि प्रत्यक्षात त्यांना भेटून गेले होते ते स्लोव्हेनियाचे पंतप्रधान. लक्षात ठेवायला मी चेकोस्लोव्हाकिया पूर्ण उच्चारतो, त्यात स्लोव्हाकिया सबंध सापडतो, उरलेला तो इटलीला लागून असलेला स्लोव्हेनिया.

ह्याच बुशसाहेबांनी २००७ मध्ये सिडनीत, म्हणजे यजमानांच्याच घरात उभं राहून, इराकमधल्या 'ऑस्ट्रियन' सैनिकांचा उल्लेख केला होता, म्हणायचे होते ऑस्ट्रेलियन. ही जोडी मात्र सख्खी नव्हे. ऑस्ट्रियाचं जर्मन नाव 'ओस्टराइश', म्हणजे पूर्वेकडचं राज्य, इ.स. ९९६ च्या एका दस्तऐवजात ते 'ओस्टारिखी' असं येतं आणि ऑस्ट्रिया हे त्याचं लॅटिन वळणाचं रूप. ह्यातला 'ओस्ट' म्हणजे पूर्व, आणि तो आपल्या उषस्, उषा ह्याच मुळातला, जिथून पहाट होते ती दिशा. ऑस्ट्रेलिया आलं लॅटिन 'ऑस्ट्रालिस'वरून, म्हणजे दक्षिणेकडचं. दक्षिणेला मोठा भूभाग असणार असं युरोपातले नकाशेवाले तो सापडायच्या आधीपासून धरून चालले होते, पुढे मॅथ्यू फ्लिंडर्स ह्या इंग्रज दर्यावर्द्यानं सगळ्या खंडाला जहाजानं फेरी मारली आणि १८१४ च्या आपल्या पुस्तकातून ऑस्ट्रेलिया हे नाव लावून धरलं. थोडक्यात एक पूर्व एक दक्षिण. शब्दांचं मूळ अजून खूप मागे नेऊन दोन्ही एकाच धातूला बांधणारे लोक आहेत, पण देशांच्या नावांचा एकमेकांशी संबंध नाही तो नाहीच. आणि हो, ऑस्ट्रियातल्या विमानतळावर चुकून ऑस्ट्रेलियाऐवजी तिथे उतरलेल्यांसाठी खास काउंटर आहे असा एक फॉरवर्ड फिरत असतो, तो खरा नाही, ती एका कंपनीची विनोदी जाहिरात होती.

मॉरिशस-मॉरिटानियाही असंच परकं प्रकरण. मॉरिशस हे १५९८ मध्ये डचांनी त्यांच्या प्रिन्स मॉरिसवरून दिलेलं, मॉरिटानिया रोमन काळातल्या 'माउरी' लोकांवरून.

इराण-इराकमध्ये तर देवनागरीत एका शेवटच्या अक्षराचाच फरक. इराणचं मूळ 'आर्य'मध्ये आहे, इराक हे अरबीतलं जुनं नाव, नातं काही नाही. पण इथे गोंधळ सरकारी पातळीवर गेला होता. १९३५ मध्ये इराणनं जगाला सांगितलं की पर्शिया नको, इराण म्हणा, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात चर्चिल म्हणाले की इराकशी घोळ होतोय तर युद्ध संपेपर्यंत आम्ही पर्शियाच म्हणतो. युद्धाच्या काळात एका अक्षरामुळे निरोप भलत्याच देशात जाऊ शकतो ही भीती काही खोटी नव्हती, त्यामुळे सामान्य माणसाला कोणी हसायला लागलं तर हे सांगावं.

गांबियानं स्वतःहूनच इलाज केला. १९६४ मध्ये उत्तर ऱ्होडेशियाचं झांबिया झालं, गांबियाही स्वातंत्र्याच्या उंबऱ्यात होता, तेव्हा त्यांच्या पंतप्रधानांच्या कार्यालयानं लंडनच्या भौगोलिक नावांच्या समितीला कळवलं की आमच्या नावामागचं इंग्रजी 'द' कायम ठेवा, एक कारण हेच की लोक झांबियाशी गल्लत करतील. आता मराठीत 'द' ला जागाच नाही त्यामुळे त्यांचा इलाज आपल्यापर्यंत पोचत नाही. दोन्ही नावं नद्यांचीच पण नद्या वेगळ्या, गांबिया आणि झांबेझी.

गिनीचं काय करायचं हा खरा डोक्याला ताप, चार आहेत. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला युरोपियन लोक सरसकट गिनी म्हणायचे (सोन्याची गिनी म्हणतात ती ह्याच किनाऱ्याच्या सोन्यामुळे), आणि तिथले तीन देश तीन वेगळ्या मालकांकडून सुटले: फ्रेंचांकडची गिनी १९५८ मध्ये, स्पेनकडची विषुववृत्तीय गिनी १९६८ मध्ये, पोर्तुगीजांकडची गिनी-बिसाऊ १९७० च्या दशकात. शेवटच्यानं वेगळेपणासाठी राजधानीचंच नाव जोडून घेतलं, ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. विषुववृत्तीय गिनीच्या जमिनीवरून विषुववृत्त कुठेच जात नाही बरं का, एक छोटं बेट त्याच्या दक्षिणेला, बाकी सगळा देश उत्तरेला, रेषा मधल्या समुद्रातून. चौथी पापुआ न्यू गिनी थेट पॅसिफिकमध्ये, १५४५ मध्ये एका स्पॅनिश दर्यावर्द्याला तिथले लोक आफ्रिकेतल्या गिनीच्या लोकांसारखे वाटले म्हणून 'नवी गिनी'. दक्षिण अमेरिकेतला गयाना ह्या घराण्यातला नाही, ते नाव तिथलंच. दोन काँगोंनाही राजधानीचा आधार घ्यावा लागतो, ब्राझाव्हिल आणि किन्शासा, आणि ह्या दोन राजधान्या एकाच काँगो नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत.

डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे पण लिहून टाकतो कारण नायजरसारखाच विशेषणाचा घोळ तिथेही आहे, इंग्रजीत दोन्हीकडचा माणूस 'डॉमिनिकन', स्पेलिंग तेच, फक्त उच्चारात जोर वेगळ्या जागी. मराठीत पुन्हा षष्ठी, डॉमिनिकाचा आणि डॉमिनिकन रिपब्लिकचा. क्रिकेट खेळणारी, वेस्ट इंडिजवाली ती डॉमिनिका, बेसबॉलवालं ते रिपब्लिक. कोलंबस १४९३ मध्ये तिथे रविवारी पोचला आणि लॅटिनमध्ये रविवार म्हणजे देवाचा वार, त्यावरून डॉमिनिका, दुसऱ्याचं नाव सांतो दोमिंगो शहरावरून.

राहिलं स्वाझीलँड-स्वित्झर्लंड. काही संबंध नाही. स्वित्झर्लंड हे श्वीझ नावाच्या तिथल्या एका प्रांतावरून, स्वाझी हे एकोणिसाव्या शतकातल्या म्स्वाती राजाच्या नावावरून. स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, आत्ताचे राजे तिसरे म्स्वाती यांनी देशाचं नाव 'इस्वातिनी' केलं आणि तेव्हा बोलूनही दाखवलं की परदेशात गेलं की लोक आम्हाला स्वित्झर्लंडचे समजतात. त्यामुळे आता मराठीत इस्वातिनीच लिहावं, जुन्या पुस्तकांत स्वाझीलँड दिसलं तर देश तोच. इंटरनेटवरचा त्यांचा दोन अक्षरी कोड मात्र अजून जुन्याच नावाचा आहे, एस झेड, आणि तो बघूनही पुष्कळांना स्वित्झर्लंडच आठवतं, ज्याचा कोड सी एच आहे.